चेंडू मोजणारी आई

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे वय ७४. दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात त्या मुलाकडे सहा महिने राहावयास जातात. मुलगा ५१ वर्षांचा, संगणकाच्या नोकरीत. नातू दहा वर्षांचा असून तो लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतो. त्याचा सराव घेता घेता वडिलांनाच या खेळाचा नाद लागला. गेल्या वर्षापासून तेही प्रौढांच्या एका संघातून दर रविवारी सकाळी मैदानात उतरतात. आणि नुसते उतरत नाहीत, तर पिचर म्हणून चेंडू फेकतात. सोमवारी शर्ट चढवताना त्यांचा उजवा हात वर जात नाही. आईने विचारले की ‘काही नाही गं’ म्हणून ते एक वेदनाशामक गोळी घेतात आणि कामाला बसतात. हे खूळ सोडावे असे मी या स्तंभातून लिहिले, तर मुलगा ऐकेल, अशी या भगिनींची आशा आहे.

तसे मी लिहिणार नाही. दिवसाचे नऊ-दहा तास पडद्यासमोर बसणारा माणूस पन्नाशीत आपण होऊन मैदानावर जातो, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडे नोकरी लागली की बॅट माळ्यावर जाते आणि ती पुन्हा खाली येते ती मुलासाठी. अमेरिकेत प्रौढांच्या हौशी बेसबॉलला बरीच चांगली व्यवस्था लाभली आहे. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये सुरू झालेल्या ‘मेन्स सीनियर बेसबॉल लीग’मध्ये वयानुसार गट असतात आणि साठी उलटलेले गृहस्थही त्यांत खेळतात. तेव्हा ५१ हे वय या खेळाला जास्त आहे, असे कोणी म्हणू नये. मात्र हा खेळ शरीराकडून काय मागतो, हे मुलानेही आणि आईनेही समजून घेतले पाहिजे.

बेसबॉल पाहणाऱ्याला तो आरामाचा खेळ वाटतो. खेळाडू बराच वेळ उभे असतात, नाहीतर बाकावर बसलेले असतात. फसगत होते ती येथेच. वीस मिनिटे स्वस्थ उभे राहावे आणि एकाएकी जीव तोडून धावावे, असा हा खेळ आहे. चेंडू टोलावल्यावर फलंदाजाला पहिला बेस गाठण्यासाठी ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर पळावे लागते. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे सुमारे २० मीटरची. अंतर फार वेगळे नाही. पण क्रिकेटमध्ये जोडीदाराला हाक देऊन, अंदाज घेऊन धाव काढता येते. येथे चेंडू बॅटवरून सुटताक्षणी पूर्ण वेग लागतो आणि त्यापूर्वी स्नायू थंड पडलेले असतात.

वय वाढते तसे स्नायूंतील जे तंतू झटक्याने आकुंचन पावतात, ते अधिक झिजतात. संथ, चिवट काम करणारे तंतू त्या मानाने टिकून राहतात. म्हणूनच पन्नाशीचा माणूस एक तास आनंदाने चालतो. पण बस सुटू लागली म्हणून चार ढांगा टाकल्या की मांडीच्या मागे कळ येते. क्रिकेटवाले ज्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात, तेच हे स्नायू. टाचेच्या वरची जाड स्नायुबंधाची दोरीही याच वयात आणि अशाच झटक्याने तुटते. ती तुटते तेव्हा पुष्कळांना मागून कोणीतरी पोटरीवर काठी मारल्याचा भास होतो. वळून पाहावे तर मागे कोणी नसते. असे झाल्यास पाय न टेकता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मुरगळले असेल म्हणून आठवडा घालवू नये. आणि हे टाळावयाचे तर आपली पाळी येण्यापूर्वी बाकावरून उठून पाच मिनिटे चालावे, गुडघे उचलावेत, दोन-तीन वेळा अर्ध्या वेगाने पळून पाहावे. उपाय इतका साधा असल्यामुळेच बहुधा कोणी करीत नाही.

आता खांद्याकडे वळू, कारण मूळ तक्रार तेथली आहे. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका असतो. पण क्रिकेटचा गोलंदाज धावत येऊन हात सरळ ठेवून टाकतो; धावण्याचा वेग त्याच्या उपयोगी पडतो. पिचर जागेवरूनच फेकतो. त्याचे कोपर वाकलेले असते, पुढचा हात मागे इतका झुकतो की तळवा जवळजवळ आकाशाकडे होतो, आणि मग चाबकासारखा पुढे येतो. कसलेल्या व्यावसायिक पिचरचा हात त्या क्षणी सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतक्या वेगाने फिरतो, असे मापन आहे. त्या वेगाने तो फिरतच राहिला, तर सेकंदाला एकोणीस-वीस गिरक्या होतील. हौशी माणसाचा वेग पुष्कळ कमी असतो. पण त्याच्या खांद्याची तयारीही त्याच मानाने कमी असते.

चेंडू हातातून सुटला तरी हात पुढे जातच असतो. त्याला आवरण्याचे काम खांद्याभोवतीचे चार लहान स्नायू करतात. त्यांच्या समूहाला रोटेटर कफ म्हणतात. फेकण्याची ताकद मोठे स्नायू देतात आणि ब्रेक मात्र या लहानग्यांना लावावा लागतो. चाळिशीनंतर त्यांचे स्नायुबंध झिजू लागतात. साठीपुढच्या पुष्कळ लोकांत, कधी चेंडू न फेकलेल्यांतही, तेथे चीर आढळते आणि अनेकांना तिचा पत्ताही नसतो. दुसरी गोष्ट, फेकीचा खरा जोर पायांतून आणि कमरेतून वर यावयाचा असतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची कंबर आणि कुल्ले आखडलेले असतात. तेथून जोर येत नाही म्हणून तो सगळा हातातून काढला जातो. चिरंजीवांचा सोमवारचा खांदा हा पुष्कळ अंशी सोमवार ते शनिवारच्या खुर्चीचा हिशेब आहे.

अशा वेळी कोणीतरी सॅचेल पेज यांचे उदाहरण देतो. १९६५ साली, वयाच्या ५९व्या वर्षी, ते कॅन्सस सिटीच्या संघाकडून व्यावसायिक सामन्यात तीन डाव फेकून गेले. खरे आहे. पण ते तरुणपणापासून फेकत आले होते. पन्नाशीत रविवारी सकाळी सुरुवात केली नव्हती. तसेच टॉमी जॉन यांचे. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटल्यावर १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी त्यांच्याच दुसऱ्या हातातील स्नायुबंध घेऊन तो नव्याने बसवला आणि पुढे ते ४६ वर्षांचे होईपर्यंत खेळले. त्या शस्त्रक्रियेला आज त्यांचेच नाव आहे. मात्र शस्त्रक्रिया, त्यानंतर वर्षभराची मेहनत आणि तो सगळा खर्च ही हौशी खेळाडूने गृहीत धरावयाची गोष्ट नव्हे. कोपराच्या आतल्या बाजूस दुखणे, करंगळी व अनामिकेला मुंग्या येणे, रात्री त्या कुशीवर झोपता न येणे, किंवा काहीतरी ‘टक्’ झाल्यानंतर हात उचलताच न येणे, यांपैकी काहीही असल्यास फेकणे थांबवून तपासून घ्यावे.

गोळीबद्दल माझे मत कडक आहे. अमेरिकेत आयब्युप्रोफेन दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. नेहमी घेतल्यास जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर त्याचा परिणाम होतो. खेळण्यापूर्वी घेणे तर अधिकच वाईट, कारण ज्या दुखण्याने हात थांबवावयाचा, तेच झाकले जाते.

पत्राच्या मध्यभागी एक वाक्य ओझरते आले आहे. मुलाचे वडील ५८व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. मला वाटते, पत्र खांद्याबद्दल लिहिले असले तरी लिहिण्याचे कारण हे वाक्य आहे. भारतीय वंशाच्या लोकांत हृदयविकार तुलनेने लवकर उद्भवतो, मग ते अमेरिकेत राहोत वा आपल्याकडे. वडिलांचा असा इतिहास असताना, पन्नाशीच्या मुलाने अचानक वेगाने धावण्याचा खेळ सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे आणि ताणाखाली हृदयाची तपासणी करावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. गेल्या वर्षी ते राहिले असेल, तर पुढच्या रविवारच्या आत विचारावे. मैदानावर छातीवर दडपण, दम लागणे, घाम फुटणे, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणारी कळ, यांना खांद्याचे दुखणे समजू नये. तेथे ९११ आणि आपल्याकडे १०८.

आता आईने काय करावे? लिटल लीगच्या नियमानुसार नातवाच्या वयाच्या मुलाला एका दिवसात ७५पेक्षा अधिक चेंडू फेकू देत नाहीत, आणि ६६ किंवा अधिक फेकले तर चार दिवस विश्रांती सक्तीची असते. मैदानाकडेला कोणीतरी वही घेऊन मोजत असते. गंमत अशी की दहा वर्षांच्या खांद्याचे चेंडू मोजले जातात आणि एक्कावन्न वर्षांच्या खांद्याचे बहुधा कोणीच मोजत नाही. भगिनींनो, ते काम तुम्ही घ्या. रविवारी घरी बसून काळजी करण्यापेक्षा टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन मैदानावर जा आणि दर फेकीला वहीत एक रेघ ओढा. सामन्यापूर्वीच्या सरावातले चेंडूही धरा, खांद्याला त्यांत फरक कळत नाही. माझ्या मते हात पूर्ण बरा झाल्यावर पहिल्या महिन्यात एकूण तीस-पस्तीसवर थांबावे, आणि पुढे दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. एरवी पहिल्या बेसवर उभे राहूनही हा खेळ छान खेळता येतो. तेथे फेकावे थोडे आणि झेलावे जास्त लागते.

नातवाला म्हणावे, बाबांना आधी पळायला लाव, मग हात फिरवायला लाव, आणि मगच जवळून चेंडू फेकू दे. फेकून फेकून अंग गरम करण्याची सवय घातक आहे. आठवड्यातून तीन दिवस रबरी पट्टीचे व्यायाम करावेत. कोपर बरगडीला चिकटवून पट्टी बाहेरच्या बाजूस ओढणे हा त्यांतला मुख्य. तो फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावा. चिरंजीव प्रोग्रेसिव्ह चष्मा लावत असतील, तर खेळताना दूरचा वेगळा चष्मा, न फुटणाऱ्या काचांचा, वापरावा. त्या चष्म्याच्या खालच्या भागातून पायाशी येणारा चेंडू अंधुक दिसतो. आपल्यापैकी ज्यांना जिना उतरताना पायरी चुकल्यासारखी वाटते, त्यांचेही कारण पुष्कळदा हेच असते.

पत्राच्या अगदी शेवटी या भगिनींनी क्षमा मागितली आहे. अक्षर वाकडे आले, कारण गेले तीन महिने त्यांचाही उजवा खांदा धरला आहे. वेणी घालता येत नाही, तेथील उंच कपाटातला डबा काढता येत नाही. मधुमेह पंधरा वर्षांचा. त्याबद्दल त्यांनी काही विचारलेले नाही, पण मी सांगतो. मधुमेहात खांदा गोठण्याचे प्रमाण अधिक असते, आणि दुखतो म्हणून हात हलवला नाही तर तो आणखी आखडतो. साखर तपासून घ्या. टेबलावर डावा हात टेकून थोडे वाका आणि उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडून हलकेच झुलवा; दिवसातून तीन-चार वेळा, दोन-दोन मिनिटे. मग भिंतीसमोर उभे राहून बोटांनी वर चढत जा आणि जेथवर पोचाल तेथे पेन्सिलीने खूण करा. सून रागावणार नाही अशी भिंत निवडा. आणि मुलाला फिजिओथेरपिस्टकडे नेण्यासाठी वेळ ठरवाल, तेव्हा एकाऐवजी दोन वेळा मागून घ्या.