पत्राचा दुसरा वाचक

१/ बोदलकसा हे गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्याचे तलावाकाठचे गाव. अशा गावांतून सैन्यात गेलेला जवान घरी बहुधा ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगतो. या मौनाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

२/ ऑक्टोबर १९१४. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे लढल्या. हिंदी शिपायांच्या पत्रांसाठी स्वतंत्र सेन्सॉर कचेरी होती. अधिकारी पत्रे फोडून वाचत, निवडक उताऱ्यांचे भाषांतर करून अहवाल धाडत. शिपायांना हे ठाऊक होते. म्हणून कित्येक जण आडवळणाने लिहीत. ‘काळी मिरी’ म्हणजे हिंदी शिपाई, ‘लाल मिरची’ म्हणजे गोरे.

३/ फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’वर लिहिले. त्याच वर्षी ब्रायटनच्या किचनर रुग्णालयात कर्नल ब्रूस सेटन हिंदी शिपायांच्या १,००० जखमा तपासत होते. प्रश्न एकच: त्या स्वतःच करून घेतलेल्या आहेत काय? संशयाला आधार सापडला नाही. शिपायाचे मन वाचले गेले, ते उपचारासाठी नव्हे.

४/ आज मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. कलम ११५ आत्महत्येच्या प्रयत्नामागे तीव्र ताण गृहीत धरते. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ६४ मध्ये मात्र तोच प्रयत्न गुन्हा आहे. ‘शेप’ या वैद्यकीय श्रेणीतील पहिले अक्षर मनःस्वास्थ्याचे. श्रेणी घसरली की बढती आणि नेमणूक अडते. मग जवान बोलेल कसा?

५/ हाती शस्त्र असलेल्याची मनःस्थिती वरिष्ठांना कळू नये काय, हा आक्षेप रास्त आहे. पण इतरांना धोका असेल तर आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभा कलम २३ मध्येच आहे. उडालेली झोप, घरची काळजी, मेलेल्या सोबत्याची आठवण यांना तो अपवाद लागू पडत नाही. म्हणून उपचार करणारा डॉक्टर आणि श्रेणी ठरवणारा डॉक्टर निराळे हवेत. कलम ६४ मधील ती तरतूदही जायला हवी.

६/ सेन्सॉरचे ते उतारे आज इतिहासाचे अमूल्य साधन आहेत. परंतु त्यांत उमटले ते दुसऱ्या वाचकाला चालेल एवढेच. जे शिपायाने लिहिलेच नाही, ते कोणत्याही दप्तरात सापडत नाही. त्यावर उपचारही झाला नाही.