हाताची सफाई आणि नजरेचा भरवसा

जादूचा खेळ सुरू झाला की मुले जादूगाराच्या हातांवरून डोळे हलवत नाहीत. यावेळी चोरी पकडायचीच असा त्यांचा निश्चय असतो. तरीही ती फसतात, कारण जादूगाराची खरी करामत हातांइतकीच त्याच्या नजरेत आणि बोलण्यात असते.

गुस्ताव कून आणि मायकेल लँड या ब्रिटनमधील संशोधकांनी 2006 मध्ये याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर उडवून झेलतो. तिसऱ्या वेळी हात तसाच हलवतो, पण चेंडू मुठीतच ठेवतो आणि स्वतः वर पाहतो. पाहणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी सांगितले की चेंडू वर गेला आणि हवेत नाहीसा झाला. जादूगाराने नजर वर न नेता हातावरच ठेवली, तेव्हा फसणारे एक तृतीयांशच राहिले. यंत्राने पाहणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपली होती. जिथे चेंडू 'दिसला' तिथे बहुतेकांचे डोळे गेलेच नव्हते, त्यांचे लक्ष जादूगाराच्या चेहऱ्याकडे होते. म्हणजे चेंडू डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. आधीच्या दोन वेळांवरून आणि त्या वर गेलेल्या नजरेवरून मनाने तो रचला होता. घरी एखादे लिंबू घेऊन मुलांना हा खेळ करून पाहू द्या, थोड्या सरावाने जमतो.

बोलण्याची ताकद मात्र याहून मोठी, आणि तिचा इतिहास गमतीचा नाही. फ्रान्समध्ये रोबेर-उदँ नावाचा जादूगार होता, मूळचा घड्याळजी. त्याच्याकडे एक छोटी पेटी होती, तळाशी लोखंड बसवलेली. रंगमंचाखाली विद्युतचुंबक लपवलेला असे. वीज सोडली की पेटी जमिनीला घट्ट धरून बसे. पॅरिसमध्ये तो हा खेळ 'पेटी हलकी होते, जड होते' असा दाखवी. लोक टाळ्या वाजवून घरी जात.

1856 मध्ये फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियात पाठवले. तेथील मुस्लिम जनतेवर मराबूंचा, म्हणजे पीर-बुजुर्गांचा, मोठा प्रभाव होता आणि ते फ्रेंचांविरुद्ध उठाव करवतील अशी राज्यकर्त्यांना भीती होती. पेटी तीच, चुंबक तोच, पण अल्जियर्समध्ये त्याने शब्द बदलले. एका धडधाकट अरब माणसाला पुढे बोलावून तो म्हणाला, मी तुझी ताकद काढून घेतो. त्या माणसाने जिवाच्या आकांताने ओढले, पण पेटी हलेना. मग मुठीतून विजेचा झटका दिला गेला आणि तो बिचारा घाबरून पळाला. हे सारे रोबेर-उदँने स्वतःच आपल्या आठवणींत लिहिले आहे, आणि अभिमानाने. खेळानंतर दुभाष्यांकडून 'ही फक्त कला आहे' असा खुलासा करवल्याचेही तो लिहितो. पण आधी माणसाला भरसभेत भेदरवायचे आणि मग खुलासा करायचा, याला मी तरी खेळ म्हणणार नाही.

पेटी जड झाली असे म्हटले तर माणूस पेटी तपासतो. तू दुर्बळ झालास असे म्हटले की तो स्वतःला तपासू लागतो आणि पेटीकडे कुणाचे लक्षच जात नाही. आपल्या मोहल्ल्यात येणारा भोंदू आमिल नेमके हेच करतो. सुनेला मूल होत नाही, मुलगा रात्री दचकून उठतो, घरात आजारपण हटत नाही. अशा घरी तो लिंबू मागवतो, सुरीने कापतो, आत रक्तासारखा लाल रस! सुरीच्या पात्याला आधीच मिथिल ऑरेंज नावाचे रसायन लावलेले असते आणि लिंबाच्या आम्लात ते लाल होते. तोवर 'तुमच्यावर कुणीतरी केले आहे' हे वाक्य घरात शिरलेले असते. मग संशय जावेवर जातो, शेजारणीवर जातो. सुरीवर जात नाही. दवाखाना लांबतो आणि दागिने मोडले जातात.

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून गंडेदोरे करणे हा त्याखाली गुन्हा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते. आणि दारात आलेल्या कुणी लिंबू मागितलेच, तर भगिनींनो, सुरीही आपल्याच स्वयंपाकघरातली धुऊन द्या.