धावायला येता का, वहिनी?

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. नाव-गाव छापू नका असे तिने बजावले आहे, म्हणून मजकूर तेवढा सांगते. वय 38. गावच्या शाळेतल्या दोन बाई, अंगणवाडीताई आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या चार-पाच मुली पहाटे कॅनॉलच्या रस्त्याने धावतात. "वहिनी, तुम्हीही या," म्हणून हिच्या मागे लागल्या आहेत. डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचे सांगितले आहे. हिचे मन होते. पण सासूबाई म्हणतात, "दिवसभर रानात पाय मोडतात ते कमी पडतात होय? वर रस्त्यानं पळून गावाला तमाशा दाखवायचाय?"

पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे. 'मी जाऊ का नको?'

बाई, जा. मात्र सासूबाईंचे म्हणणे निम्मे खरे आहे, तेही ऐकून घ्या. शेतातले काम हा व्यायाम नाही असे म्हणणाऱ्याने एक दिवस डोक्यावरून वैरणीचे भारे वाहून पाहावेत! सोयाबीन काढणीच्या दिवसांत, कांदा लागवडीच्या दिवसांत धावायला जाऊच नका; अंग आधीच दमलेले असते. पण खुरपणीला चार तास उकिडवे बसले तर कंबर आणि गुडघे शिणतात, दम मात्र लागत नाही. शिवाय पूर्वी पायी होणाऱ्या कितीतरी खेपा आता मोटारसायकलवर होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला निदान 150 मिनिटे अशी हालचाल सांगितली आहे, की श्वास जरा वाढावा. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. एवढेच.

आता प्रश्न मंडळींचा. धावणाऱ्यांची टोळी कशी निवडावी? माझ्या मते एकच पाहावे: सगळ्यांत हळू चालणारीसाठी कोणी थांबते का?

भरतीच्या मुलींचे गणित वेगळे असते. त्यांना 800 मीटर घड्याळावर काढायचे असतात, मुलांना 1600. तिथे सेकंदाला गुण असतात. त्यांच्या पायात पाय घालायला गेलात तर आठव्या दिवशी पोटरी धरून घरी बसाल. त्यांना पुढे जाऊ द्या. तुम्ही बाईंच्या बरोबरीने जा.

याचा एक चांगला दाखला दूर लंडनमधला आहे. पॉल सिंटन-ह्यूइट नावाच्या धावपटूला दुखापत झाली. स्वतःला पळता येईना, पण मित्रांची संगत सुटू नये म्हणून त्याने 2 ऑक्टोबर 2004 रोजी बुशी पार्क नावाच्या बागेत सकाळी 5 किलोमीटरची धाव ठेवली. आले 13 जण. वर्गणी नाही, बक्षीस नाही. पुढे ही शनिवारची धाव देशोदेशी पसरली. तिच्यातली मला आवडलेली रीत अशी, की मदतनीसांपैकी एक जण मुद्दाम सर्वांच्या मागून चालत येतो. त्यामुळे येणाऱ्यांपैकी कोणीच शेवटचे ठरत नाही. यासाठी बाग लागत नाही की लंडन. कॅनॉलचा रस्ताही चालतो.

सुरुवात अशी करा. पहिली पाच मिनिटे चाला. मग एक मिनिट धावा, दोन मिनिटे चाला; असे सहा-सात वेळा. धावताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे. वाक्य तुटायला लागले की वेग जास्त झाला. पंधरा दिवसांनी धावणे थोडे वाढवा. गप्पा मारत धावले तर बाकीचे हसतील असे वाटते, पण खरी रीत तीच आहे.

त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त आणि रक्तदाब तपासून घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळले. रक्त कमी असले की चार पावलांतच धाप लागते आणि बाई समजते, आपल्याला जमतच नाही. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. साखरेची गोळी किंवा इंजेक्शन चालू असणाऱ्यांनीही आधी विचारावे आणि पदरात गुळाचा खडा ठेवावा.

चपलांवर धावू नये. साधे कॅनव्हासचे बूट चालतील, पण अंगठ्यापुढे थोडी जागा हवी. आतले कपडे घट्ट बसणारे हवेत, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. डांबरी रस्ता असेल तर उजव्या कडेने धावा, म्हणजे समोरची गाडी दिसते. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असे नाही. कुत्रे अंगावर आले तर पळू नका, चालू लागा. जुन्नर, संगमनेरकडच्या उसाच्या भागात बिबट्या असतो. तिथे उजाडल्याशिवाय निघू नये, आणि एकटीने तर नाहीच.

राहिला तमाशाचा मुद्दा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीत अंतिम फेरीला पोचली आणि दहावी आली. दोघी खेड्यातल्याच. तुम्हाला पदक आणायचे नाही, पण रस्त्यावर धावणारी बाई आपल्याकडे नवी राहिली नाही, एवढे सासूबाईंच्या कानावर घाला.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती पत्रात दोन ओळींमध्ये दडली आहे: 'पहाटे दोन म्हशींची धार असते, मुलांचा डबा असतो.' बूट मिळतात, सोबतही मिळते. हा अर्धा तास मिळत नाही. तो घरात मागून घ्यावा लागेल. आठवड्यातून तीन दिवस धार मालकांनी काढावी. त्यांना येत नसेल तर म्हैस शिकवील! सासूबाईंनाही एकदा न्या. सगळ्यांच्या मागून चालायला कोणीतरी लागतेच.

महिन्याने पुन्हा पत्र टाका. किती किलोमीटर झाले ते नका लिहू. धार कोण काढते ते कळवा.