भांड्यावरचे नाव

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला निघाले की मुट्टुकाडूची खाडी लागते आणि ती ओलांडताच कोवलम येते. कोळ्यांच्या होड्या, जुने कॅथलिक चर्च, दर्गा आणि शनिवार-रविवारी शहरातून येणारी गर्दी असे हे गाव. अर्काटच्या नबाबाने येथे किल्ला बांधला होता, तो १७५२ मध्ये क्लाइव्हने जिंकला. आता त्या जागेच्या आसपास समुद्राकाठचे मोठे हॉटेल आहे. अशा गावात मराठी वंशावळीचा शोध सुरू व्हावा, हे ऐकायला जरा विचित्रच वाटते. पण तो सुरू झाला खरा, आणि तोही एका पितळी तपेल्यापासून.

घर तंजावर मराठी कुटुंबाचे. मैलापूरचे जुने घर विकून मुलाने कोवलमला लहानसा बंगला घेतला. आजींचे वय ऐंशीच्या पुढे. नव्या घरात माळा नाही, म्हणून जुन्या घराच्या माळ्यावरची भांडी अंगणात मांडली गेली. हंडे, घंगाळे, पराती, तपेली. भांडीवाला वजनकाटा घेऊन दुसऱ्या दिवशी येणार होता. किलोचा भाव ठरलाही होता. कॉलेजात शिकणाऱ्या नातीने त्यातले एक तपेले चिंच लावून घासले, तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरे दिसू लागली. तिने कोलम काढायचे तांदळाचे पीठ त्यावर बोटाने चोळले. खाचांत पीठ बसले आणि ओळ वाचता आली. बालबोध लिपीत एका बाईचे नाव, पुढे ‘कुंभकोणम’ आणि ‘शके १८१४’.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे साल १८९२ किंवा फार तर १८९३ चे पहिले महिने. आजींनी नाव दोनदा वाचून घेतले. त्या नावाची बाई त्यांच्या माहेरी नव्हती. सासरीही नव्हती. सासूबाईंचे नाव वेगळे, आजेसासूबाईंचे वेगळे. लग्न होऊन साठ वर्षे झाली, पण हे नाव या घरात त्यांनी कधी ऐकले नव्हते.

भांडीवाल्याला दुसऱ्या दिवशी परत पाठवण्यात आले.

देवघरात कुटुंबाची वंशावळ होती. मोठ्या कागदावर झाडासारखी काढलेली, सात पिढ्यांची. पण तिच्यात सगळे पुरुष. मुली नाहीत, सुना नाहीत. महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या वंशावळींचीही हीच तऱ्हा असते. ज्या बाईने घरातली अर्धी माणसे जन्माला घातली, तिला त्या झाडावर साधे पानसुद्धा मिळत नाही. तेव्हा त्या कागदात तपेल्यावरच्या बाईचा पत्ता लागणे शक्यच नव्हते.

तमिळनाडूतल्या मराठी घरांची आणखी एक अडचण आहे. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि पुढची पावणेदोनशे वर्षे तेथे भोसल्यांचे राज्य राहिले. त्यांच्यामागून देशावरून चिटणीस, कारकून, शिलेदार, कीर्तनकार, आचारी असे नाना तऱ्हेचे लोक कावेरीकाठी गेले. तिथल्या रीतीप्रमाणे आडनावे गळाली, नावापुढे ‘राव’ राहिले आणि नावाआधी गावाचे किंवा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आले. बडोद्याचे दिवाण म्हणून मराठी वाचकांना ठाऊक असलेले राजा सर टी. माधवराव (१८२८ ते १८९१) मूळचे कुंभकोणमचे. त्यांच्या नावातला ‘टी’ म्हणजे तंजावर. वडिलांचे आद्याक्षर लावणाऱ्या घरात तर दर पिढीला अक्षर बदलते. आजोबा ‘आर’, वडील ‘एस’, मुलगा ‘व्ही’. आडनावाचा धागा धरून मागे जावे म्हटले तर धागाच नाही. उरते ते गोत्र, कुलदैवत आणि एखाद्या गावाचे नाव.

नातीने सुरुवात केली ती आजींपासून, आणि ते योग्यच होते. कागद पाच वर्षांनीही तेथेच असतो. माणसाचे तसे नसते. रोज दुपारी तासभर ती वही घेऊन बसे. आजी त्यांच्या वळणाच्या जुन्या मराठीत बोलत, मध्येच तमिळ शब्द येत. कोण कोणाकडे बाळंतपणाला गेले, कोणाच्या लग्नात हत्ती आणला होता, कोणाच्या हातची आंबटभाजी साऱ्या आळीत प्रसिद्ध होती. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आले, ही गोष्टही आजींनी रंगवून सांगितली. तिला ठोस पुरावा नाही, पण तंजावर मराठी घरात ती सांगितल्यावाचून कोणी राहत नाही! असल्या गप्पांतून तारखा मिळत नाहीत. नाती मात्र मिळतात, आणि पुढे कागदावरची नावे ओळखायला तीच उपयोगी पडतात.

माळ्यावरच्या पेटीत फोटो होते, दोन जन्मपत्रिका होत्या आणि चौकोनी घडीचा एक मोडी कागद. फोटोंच्या मागे पाहावे हे पुष्कळांना सुचत नाही; छायाचित्रकाराचा शिक्का, गाव, कधी पेन्सिलीने लिहिलेले नाव तेथे असते. पत्रिका तर सोन्याच्या मोलाची, कारण तीत जन्मदिवसच नव्हे तर वेळही मिळते. मोडी कागद पाहून मात्र सगळे घर हरखले. राजाची सनद असणार, निदान इनामपत्र तरी, असे मुलाला वाटले. त्याने त्याला लगेच प्लास्टिकमध्ये बंद करून घ्यायचे ठरवले होते. ते नातीने होऊ दिले नाही हे बरे झाले. जुन्या कागदाला उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक पुढे सुखरूप काढता येत नाही, आणि चिकटपट्टी तर कागदाला डाग पाडून खाऊन टाकते. सुती कापडाची घडी, कोरडी जागा आणि एक स्पष्ट छायाचित्र एवढे पुरते.

मोडी वाचणार कोण, हा खरा प्रश्न. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राज्याच्या दप्तराची तेराशेहून अधिक मोडी गाठोडी आहेत; वाचणारे हात मात्र मोजके. महाराष्ट्रात पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग घेते, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी जाणकारांना एकाएकी मागणी आली. तहसील कचेऱ्यांतली जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४ किंवा लोकांच्या तोंडचे ‘कोतवाल बुक’, तेव्हापासून वर्तमानपत्रांतून घरोघर पोचले. पूर्वज शोधायचे असतील तर महाराष्ट्रातल्या वाचकांना सरकारी दप्तरात यासारखी दुसरी जागा नाही. कोवलमच्या कागदाचे छायाचित्र पुण्याच्या एका मोडी वाचकाकडे गेले. तंजावरी मोडीचे वळण थोडे निराळे, त्यामुळे दोन आठवडे लागले. उत्तर आले ते असे: ही सनद नसून भाताच्या उधारीची पावती आहे.

मुलाची निराशा झाली. पण त्या पावतीत जे होते ते सनदेत कदाचित नसते. उधार घेणाऱ्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, आणि कावेरीच्या खोऱ्यातल्या एका खेड्याचे नाव. वंशावळीतली चौथी आणि पाचवी पिढी जुळली. खेड्याचे नाव तर घरात कोणालाच माहीत नव्हते.

खेडे कळले की सरकारी दप्तर उघडते. मद्रास इलाख्यात १८५८ मध्ये इनाम कमिशन नेमले गेले आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या इनाम जमिनींची नोंद झाली. या ‘इनाम फेअर रजिस्टर’मध्ये इनाम कोणी दिले, मुळात कोणाला दिले, आता कोणाच्या ताब्यात आहे, त्याचे वय काय आणि मूळ माणसाशी नाते काय, असे रकाने आहेत. सरकारने हे केले महसुलासाठी. पण दीडशे वर्षांनी पणजोबा शोधणाऱ्याला हाच कागद वंशावळीपेक्षा खरा ठरतो. चेन्नईला एग्मोरच्या तमिळनाडू अभिलेखागारात अर्ज करून अशी दप्तरे पाहता येतात. जुन्या महसुली कागदांत साल फसली असते. त्यात साधारण ५९० मिळवायचे. गावच्या कर्णमच्या घरी पूर्वी हिशेबाच्या वह्या असत. तमिळनाडूत वंशपरंपरागत गावकामगारांची पदे १९८० मध्ये रद्द झाली आणि कागद इकडेतिकडे गेले. म्हणून एग्मोरची वाट अधिक खात्रीची.

याच अभिलेखागारात खुद्द कोवलमच्या मुलखाविषयीही एक नवलाचा ऐवज आहे. टॉमस बार्नार्ड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १७६७ ते १७७४ या काळात तेव्हाच्या चेंगलपट्टू जहागिरीतल्या सुमारे दोन हजार गावांची पाहणी केली. गावात घरे किती, कोणत्या जातीची, तळी किती, पिकातला कोणता वाटा कोणाला, असे सगळे त्यात आले. गावच्या कर्णमांनी ताडपत्रांवर लिहिलेले मूळ हिशेबही पुढे सापडले. विचारवंत धर्मपाल यांनी या पाहणीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यात कोणाच्या आजोबांचे नाव शोधू नये. आजोबा कशा गावात राहत असतील, ते मात्र समजते.

इनाम रजिस्टरात नातीला पाचव्या पिढीचा माणूस त्याच्या वयासकट भेटला. त्यावरून घरातल्या कागदाची एक चूकही उघड झाली. वंशावळीत बाप आणि मुलगा म्हणून दाखवलेले दोघे प्रत्यक्षात काका-पुतणे होते. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे एकाच घरात तीन-तीन रंगराव. नक्कल करणाऱ्याने दोघांचा गोंधळ घातला. दगडावर कोरलेल्याचेही असेच असते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सबंध इतिहास मराठीत कोरवून घेतला. एवढा प्रचंड मराठी शिलालेख दुसरीकडे पाहायला मिळणे कठीण. तरी त्यातल्या काही हकिकतींवर इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेतच. राजाची ही गत, तर देवघरातल्या कागदाचे काय घेऊन बसायचे?

पण तपेल्यावरची बाई अजून सापडली नव्हती. इनामाच्या रजिस्टरात पुरुषच होते. जमिनीचे कागद, कोर्टाचे कागद, सगळीकडे पुरुष. नातीने जवळजवळ नाद सोडला होता.

भाद्रपदात पितृपक्ष आला. घरी महालय होता. गुरुजी आले आणि नेहमीप्रमाणे नावांची यादी मागितली. आजींनी देवघराच्या फडताळातून एक बारीक वही काढून दिली. वही त्यांच्या सासऱ्यांच्या हातची, आणि दरवर्षी गुरुजींच्याच हातात जाणारी. घरात दुसऱ्या कोणी ती कधी उघडून वाचली नव्हती. ज्यांना तर्पण करायचे त्या सर्वांची नावे त्यात गोत्रासह लिहिलेली होती. महालयात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांनाही पाणी द्यायचे असते. आईकडचे आजोबा, काका, आत्या, मावशी, सासरा, गुरू, कितीतरी जण येतात. ज्या समाजाने बायकांना वंशावळीत जागा दिली नाही, त्यानेच श्राद्धाच्या यादीत त्यांची नावे तीन पिढ्या जपून ठेवली, हे लक्षात यायला वही उघडावी लागली.

यादीत आईच्या पुढच्या ओळीत शब्द होता ‘सापत्नमाता’, आणि त्यापुढे तपेल्यावरचे नाव.

आजींच्या आजेसासऱ्यांची ही पहिली बायको. शके १८१४ च्या लग्नात बहुधा हे तपेले घेऊन आलेली. पुढे ती वारली, दुसरे लग्न झाले आणि आजींचे सासरे त्या दुसऱ्या बायकोचे पोटी जन्मले. ज्या सावत्र आईला त्यांनी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, तिचे नाव त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवले होते, आणि हयात असेपर्यंत दरवर्षी तिला पाणी दिले होते. घरात कोणाजवळ मात्र ते कधी बोलले नाहीत. नाव सारखे म्हणून माणूस तोच, असे एकाएकी म्हणता येत नाही. ते नाव त्या काळी फार प्रचारात होते. पण तपेल्याच्या तळाला घासल्यावर नवऱ्याचे आद्याक्षरही निघाले आणि ते जुळले.

तिचे माहेरचे नाव कळलेले नाही. कुंभकोणम हे माहेर की भांडे जिथे घेतले ते गाव, तेही सांगता येत नाही. ती कशाने गेली, किती वर्षांची होती, मूल झाले होते का, याचा कागद मिळालेला नाही. नातीला कुंभकोणमच्या महानगरपालिकेतल्या मृत्यूच्या नोंदी पाहायच्या आहेत. त्या काळच्या वह्या तेथे मिळतील की नाही, हे गेल्यावरच कळेल.

देवघरातली वंशावळ तिने नव्या कागदावर काढायला घेतली आहे. काका-पुतणे आपापल्या जागी आले. प्रत्येक पुरुषाशेजारी बायकोचे नाव, जिथे माहीत नाही तिथे रिकामी चौकट. आजींनी पाहून विचारले, “आणि मुली कुठे आहेत?” मग कागद पुरेना, म्हणून दुसरा जोडावा लागला.

तपेले आता कोवलमच्या स्वयंपाकघरात आहे. कल्हई करून घेतली, तेव्हा कल्हईवाल्याला आजींनी तीनदा बजावले, काठाला हात लावू नकोस. सणावारी त्यात आमटी होते.