घसारा फक्त मशीनचा नसतो

बीबीएला घसारा शिकलो. दुकान काढल्यावर फ्रीजचा, काउंटरचा घसारा दरवर्षी धरला. स्वतःच्या शरीराचा कधीच नाही. सकाळी आठ ते रात्री दहा गल्ल्यावर, जेवण दुपारी चारला, वर सात-आठ चहा. मग एक दिवस पोतं उचलताना कंबर धरली आणि ऐन दिवाळीत नऊ दिवस शटर खाली. गिऱ्हाईक थांबत नाही हो, शेजारच्या दुकानात जातं. काही तर परत आलेच नाहीत.

"आधी धंदा सेट होऊ दे, मग तब्येत बघू," हे मला आता पटत नाही. एकट्याच्या धंद्यात मालक हेच मुख्य भांडवल. झोप झाली नसेल तर उधारी कुणाला द्यायची, माल किती भरायचा, हे निर्णयही चुकतात. नवीन शिकायला तर डोकं ताजंच लागतं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोज साधारण २२ मिनिटं. मी शटर उघडण्याआधी भरभर चालतो, दीड वाजता जेवतो. दुकानाचं भाडं आपण चुकवत नाही ना? मग शरीराचंही चुकवू नका.