कालव्यावरचे रविवार

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की घरोघरी एकच ताकीद ऐकू येते : "पाण्याकडे फिरकायचे नाही." आईबापांची भीती खोटी नाही. विहिरीत, तलावात, शेततळ्यात कोवळी मुले गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. पण नुसत्या ताकिदीने मुले पाण्यापासून लांब राहतात का? आमच्या वेळी तरी राहिली नाहीत.

आपला बुलडाणा जिल्हा बाहेरच्यांना कोरडा वाटतो. पण पैनगंगा उगम पावते ती इथल्याच अजिंठ्याच्या डोंगररांगांत. बुलडाणा शहराला पाणी पाजणारे येळगावचे धरण तिच्यावरच आहे. मोताळ्याकडे नळगंगा, मेहकरकडे पेनटाकळी, देऊळगाव राजाकडे खडकपूर्णा. जिथे धरण तिथे कालवा, आणि जिथे कालवा तिथे रविवारी पोरे.

आम्ही सहा-सातजण होतो. कोणी आमच्या मोहल्ल्यातले, कोणी माळीपुऱ्यातले. शाळेला सुट्टी रविवारची. सकाळी फडक्यात भाकरी अन् ठेचा बांधून सायकलींवर डबलसीट निघायचे, ते असरच्या सुमारास परतायचे. सीताफळांच्या दिवसांत पिशवी भरूनच घरी यायची, त्यामुळे अम्मीचा राग निम्मा व्हायचा. ट्रकच्या ट्यूबवर तरंगणे, पुलावरून मुटका मारणे, हे नेहमीचे. पुढे कोणाच्या तरी डोक्यातून एक नवा खेळ निघाला. सायकलच्या कॅरिअरला मोटेचा जुना नाडा बांधायचा, दुसरे टोक पाण्यातल्या पोराच्या हाती द्यायचे आणि भरावावरच्या वाटेने सायकल दामटायची. पोरगा जुन्या दाराच्या फळीवर उभा राहू पाहायचा आणि दोन क्षणांत पाण्यात आडवा व्हायचा.

या खेळाला जगात 'वॉटर स्कीइंग' म्हणतात, हे खूप पुढे वाचनात आले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पेपिन सरोवरावर १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने लाकडी फळ्या पायांना बांधल्या आणि होडीमागे दोर धरून तो पाण्यावर उभा राहिला. आधी त्याचे अनेक प्रयत्न फसले होते. अंग मागे झुकवून फळ्यांची टोके पाण्याबाहेर उचलून धरली, तेव्हा जमले. पुरेसा वेग असला की पाणीच फळीला खालून उचलून धरते. आमच्या सायकलीला तो वेग कुठून यायचा! तरी हसून हसून पोट दुखायचे, ते सुख खरे होते.

अशाच एका रविवारी आमच्यातला सर्वांत लहान गडी फळीवरून घसरला आणि त्याच्या हातातून नाडा सुटला. त्याला पोहता येत नव्हते. पुढे शंभरेक पावलांवर कालवा नाल्याखालून बंद नळातून जात होता. त्याला सायफन म्हणतात. आत ओढला गेलेला माणूस सहसा जिवंत बाहेर येत नाही. दोघे उडी मारायला धावले, तोच पलीकडच्या काठावरून पाटकरी काका ओरडले, "कोणी उडी मारायची नाही! दोर फेका!" नाडा फेकला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा त्याच्या हाती लागला. काठावर येऊन तो थरथरत बसला तेव्हा काका म्हणाले, "बुडणारा वाचवणाऱ्याचा गळा धरतो रे. एकाचे दोन जातात."

काका त्यावर थांबले नाहीत. पुढचे कित्येक रविवार त्यांनी आम्हांला आपल्या पायऱ्यांच्या विहिरीवर बोलावले. पाठीला सुका भोपळा बांधून एकेकाला शिकवले. आधी श्वास, मग हात. छातीत हवा भरून पाठीवर पडले की शरीर तरंगते. घाबरून हात वर केले की डोके खाली जाते. त्यांचा सगळा धडा एवढाच. तो लहान गडी आज आजोबा आहे आणि नातवंडांना स्वतः पोहायला शिकवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली १० पैकी ९ आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. शाळकरी मुलांना पोहणे आणि सुरक्षित बचाव शिकवा, असे ही संघटना सांगते. आपले बुजुर्गही मुलांना पोहायला शिकवण्याचा आग्रह धरत आले आहेत.

मग फक्त मुलांनाच का? माझी बहीण तेव्हा विचारायची, "मला कधी नेणार?" तिला कोणी नेले नाही. पाण्याला मात्र मुलगा-मुलगी कळत नाही. कपडे धुताना, पाणी शेंदताना बायकाच पाण्याच्या जवळ असतात. शहरात तलाव असेल तर बायकांसाठी वेगळी वेळ मागता येते. सर्वांग झाकणारा पोहण्याचा पोशाख आता मिळतो. खेड्यात जाणत्या बाईच्या देखरेखीखाली पहाटेची विहीर आहे.

शिकेपर्यंत काही गोष्टी घरात पक्क्या कराव्यात. एकट्याने पाण्यात उतरायचे नाही. सायफन आणि दरवाजे यांच्या जवळ जायचे नाही. येळगावसारख्या धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत; पाण्याची पातळी वाढली की ते आपोआप कलतात, भोंग्याची वाट पाहत नाहीत. म्हणून पावसाळ्यात धरणाखालच्या पात्रात बसू नये. कोणी बुडताना दिसला तर दोर, काठी, ओढणी, रिकामा डबा, जे हाती लागेल ते फेकावे. बाहेर काढल्यावर उलटे टांगू नये, पोट दाबू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबत राहावे आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला लावावे.

ताकीद जरूर द्या. पण तिच्या जोडीला एक विहीर, एक भोपळा आणि एक जाणता माणूसही द्या. मुले पाण्याकडे जाणारच आहेत; ती शिकून गेली तर रविवारी संध्याकाळी घरी परत येतील.