दुमजली पलंगाच्या बाजूने

मुलांच्या खोलीत बंक बेड करायचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. आजी-आजोबा, आत्या, एखादे काका एका बाजूला. त्यांचे म्हणणे: "पोर झोपेत वरून पडलं म्हणजे? आमची पाच-पाच भावंडं एका सतरंजीवर वाढली, कुणाचं काही अडलं नाही." दुसऱ्या तटात पोरे स्वतः, त्यांच्या मागे इंटिरियरवाला आणि अर्धे पटलेले आईबाप. त्यांचे उत्तर ठरलेले: "रेल्वेत वरच्या बर्थवर झोपतातच की! काही होत नाही." या दोन्ही तटांशी माझे भांडण आहे. पहिल्याचा निकाल मला अमान्य आहे. दुसऱ्याचा निकाल मान्य आहे, पण त्याचे कारण इतके ढिसाळ आहे की त्यापेक्षा आजीची भीती परवडली.

आधी सतरंजीचा पक्ष घेऊ, कारण त्यात दम आहे. जमिनीवर घातलेल्या गादीइतके निर्धोक अंथरूण दुसरे नाही, हे कबूलच करायला हवे. तिथून पडायला जागाच नसते. पण ती गादी सकाळी उचलायची कुणी आणि ठेवायची कुठे? ज्या घरांत सतरंजीवर पाच भावंडे वाढली, त्या घरांत अभ्यासाचे टेबल नव्हते, मुलांची वेगळी कपाटे नव्हती, आणि अंथरुणाच्या वळकट्या ठेवायला माळा किंवा निदान एक कोनाडा होता. शिवाय गिरगाव-परळच्या चाळींतल्या त्याच पिढीने जागा पुरेना तेव्हा खोलीत पोटमाळा काढला आणि पोरांना शिडीने वर झोपायला धाडलेच. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला 'वर झोपणे' म्हणजे परदेशी खूळ आहे असे सांगून पाहा. एकावर एक झोपण्याची पद्धत आपल्याकडे घराच्या मापानेच आणली.

आता मापाचेच बोलू. एका माणसाचा पलंग सव्वासहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, म्हणजे जवळपास १९ चौरस फूट. दोन मुलांचे दोन पलंग ३८ चौरस फूट खातात. दहा बाय दहाच्या खोलीत एकावर एक पलंग केला की खोलीचा जवळजवळ पाचवा हिस्सा मोकळा होतो. मुंबईच्या उपनगरात चौरस फुटाला पंचवीस हजार धरले, तरी ही पावणेपाच लाखांची जमीन झाली. तिच्यावर अभ्यासाचे टेबल बसते, किंवा काहीच न ठेवता मुलांना पत्ते मांडायला फरशी राहते. मी तरी दुसरे करीन.

मात्र 'जागा वाचवणारा' या नावाखाली जे विकले जाते, त्यातले सगळेच जागा वाचवत नाही. शिडीऐवजी खणांचा जिना केला की लांबी दीड फुटाने वाढते. खालच्या पलंगाला ओढायचे ड्रॉवर लावले की ते उघडायला समोर दोन फूट जागा कायमची अडते. घसरगुंडी लावलेल्या पलंगाविषयी बोलायलाच नको. जाहिरातीत खोली बंगल्यातली असते.

राहिला पडण्याचा प्रश्न. मुले बंक बेडवरून पडतात, हात मोडतात, डोक्याला खोक पडते. बंक बेडमुळे होणाऱ्या बहुतेक जखमा पडण्याच्याच असतात, तेव्हा आजीची भीती पोकळ नाही. पण मृत्यूंचा हिशेब निराळा निघाला. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे १९९० ते १९९८ या काळात पंधरा वर्षांखालच्या मुलांचे बंक बेडशी संबंधित ८९ मृत्यू नोंदले गेले. त्यांतले ५७ मृत्यू अडकून झाले होते आणि त्यातली बहुतेक सगळी मुले तीन वर्षांची किंवा त्याहून लहान होती.

हे अडकणे कसे होते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्याकडे पलंग करणारा आणि करवून घेणारा दोघेही त्याचा विचार करत नाहीत. लहान मूल झोपेत सरकते ते पायांनी. कठडा आणि गादी यांच्यामधल्या, किंवा पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून आधी पाय जातात, मग कंबर, मग छाती. डोके जात नाही. मूल लोंबकळते आणि गळा आवळला जातो. आवाज होत नाही. पडल्यावर निदान धप्प होते. म्हणून जी फट मोठ्यांना 'एवढीशी' वाटते तीच घातक. अमेरिकेत २००० सालापासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे वरच्या पलंगाच्या कठड्यात साडेतीन इंचांचा ठोकळा आरपार जाईल अशी फट चालत नाही. खालच्या पलंगाच्या डोक्याकडच्या आणि पायाकडच्या बाजूंना मोकळी जागा असेल, तर ती एक तर साडेतीन इंचांहून कमी हवी, नाही तर नऊ इंचांचा चेंडू जाईल इतकी मोठी, म्हणजे धड गेले तर डोकेही सुटेल. मधले माप नको. ब्रिटनने तर फटींबद्दलचा कायदा १९८७ सालीच केला.

आपला सुतार कठड्याला दोन आडव्या पट्ट्या मारतो आणि त्यांत सहा-सात इंच अंतर ठेवतो. लाकूड वाचते आणि दिसायलाही हलके दिसते. नेमके मधले माप!

याच मुद्द्याला जोडून एक लाडका समज मोडायला हवा: भिंतीकडून कठडा कशाला, भिंत आहेच की. भिंतीला खिडकीची चौकट असते, खाली स्कर्टिंग असते, प्लास्टर कुठे फुगलेले असते. पलंग तिला कधीच सपाट टेकत नाही. रोजच्या चढ-उताराने तो हळूहळू पुढे सरकतो आणि भिंतीकडून उभी लांब चीर तयार होते. अमेरिकेच्या त्या नियमात भिंतीकडचा कठडा अखंड, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मागितला आहे. चढण्यासाठी मोकळी जागा सोडायची ती दुसऱ्या बाजूने, आणि तीही १५ इंचांपेक्षा जास्त नाही. आपण बरोबर उलटे करतो. दिसणाऱ्या बाजूला नक्षीदार कठडा आणि भिंतीकडे शून्य.

कठड्याची उंचीही फसवी असते. ती पलंगाच्या फळीपासून मोजतात, पण मूल फळीवर झोपत नाही. गादीच्या वर कठडा किमान पाच इंच हवा. करताना चार इंचांची कापसाची गादी धरलेली असते, वर्षभराने कौतुकाने आठ इंचांची स्प्रिंगची गादी येते आणि कठडा गादीत बुडतो. वरच्या पलंगाला पातळ गादीच बरी. गादीवाल्याने कितीही आग्रह केला तरी.

एवढे सगळे अमेरिकेच्या नियमात सापडते. त्यात न सापडणारी गोष्ट आपल्या छताला लटकते आहे, आणि माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका तोच आहे: पंखा.

दहा फूट रुंदीच्या खोलीत पंख्याचा हूक मधोमध, म्हणजे भिंतीपासून पाच फुटांवर असतो. नेहमीचा ४८ इंची पंखा मध्यापासून दोन फूट पसरतो. म्हणजे पात्याचे टोक भिंतीपासून तीन फुटांवर फिरते. आणि पलंगाची रुंदी किती? तीन फूट! पाते कठड्याच्या बरोबर वरून जाते. खोली नऊ फुटांची असेल तर ते अर्धा फूट पलंगाच्या आत येते. आता उंची पाहा. नऊ फुटांच्या खोलीत खालच्या मुलाला ताठ बसता यावे म्हणून वरच्या गादीचा पृष्ठभाग पाच फुटांच्या थोडा वर जातो. पाती साधारण आठ फुटांवर फिरतात. मध्ये उरतात जेमतेम पावणेतीन-तीन फूट. नऊ-दहा वर्षांचे मूल मांडी घालून बसले तरी त्याचे डोके सव्वादोन फुटांच्या पुढे जाते. त्याने सदरा काढायला हात वर केले, की विषय संपला. उभे राहण्याची गरजच नाही.

'मुलांना सांगून ठेवू' हे यावरचे उत्तर होऊ शकत नाही. रात्री अडीच वाजता अर्धवट झोपेत उठलेल्या मुलाला काहीही सांगितलेले नसते. छोटा, ३६ इंची पंखा लावू, असेही सुचवतात. त्याने अर्धा फूट मिळतो, आणि मुलाचा हात त्याहून लांब असतो. हूक स्लॅबमध्ये ओतलेला असल्यामुळे तो हलवणे म्हणजे तोडफोड. उपाय सरळ आहे: छताचा पंखा काढायचा आणि पलंगावरून हात पोचणार नाही अशा भिंतींवर जाळीचे दोन भिंतपंखे लावायचे. तसाही छताच्या पंख्याचा वारा खालच्या मुलाला लागतच नाही, वरची फळी तो अडवते. ज्या घरी भिंतपंखा लावायचा नाही किंवा लावता येत नाही, त्या घराने बंक बेड करू नये, इतके माझे मत ठाम आहे.

आणि इथे रेल्वेवाल्यांना उत्तर देता येते. डब्यातला पंखा आठवा. त्याला जाळी असते. वरच्या बर्थवर पोर एक-दोन रात्री झोपते आणि आईबापांपैकी एक जण सामानाच्या चिंतेने तसाही अर्धा जागा असतो. घरी ते पोर वर्षाला साडेतीनशे रात्री झोपणार आहे आणि आईबाप दार लावून पलीकडच्या खोलीत घोरणार आहेत. रेल्वेचा दाखला द्यायचा तर जाळीसकट द्यावा.

तिसरा एक समज सुतारकामाच्या अभिमानातून येतो: "आपला पलंग रेडिमेडसारखा नाही, हलवून दाखवा!" जड पलंग मजबूत, आणि मजबूत तो सुरक्षित, असा हा तर्क. प्लायवर आयएस ७१०चा शिक्का दाखवला जातो. तो शिक्का प्लाय ओलाव्यात टिकेल याचा आहे. बंक बेडसाठी भारतीय मानक ब्युरोचे वेगळे मानक आहे, आयएस १७६३६. रेडिमेड घेताना दुकानदाराला त्याचे नाव विचारावे, निदान त्याचा चेहरा बघायला मिळेल. सुताराकडून करून घेताना मात्र जड-हलके सोडून जोडाकडे पाहावे. वरची फळी बाजूच्या पट्टीवर नुसती टेकवून चार स्क्रू मारलेले असतील, तर वाढदिवसाला सहा पोरे एकदम वर चढली की स्क्रू प्लायच्या थरांतून सुटतात, आणि खाली कुणी ना कुणी बसलेलेच असते. जोडाला आरपार बोल्ट, वॉशर आणि नट हवेत. फळी १८ एमएमची हवी आणि तिच्याखाली मध्ये आडवे टेकू हवेत. कोकणात किंवा मुंबईच्या पावसात गादीला खालून ओल धरते, म्हणून फळीला बोटभर छिद्रे पाडून घ्यावीत. लोखंडी पलंग असेल तर दर काही महिन्यांनी बोल्ट आवळावेत. वसतिगृहांतल्या दुमजली खाटा रात्रभर कुरकुरतात त्या याच आळसाने.

शिडीबद्दल थोडेच. गोल सळईच्या पायऱ्या तळव्यांना रुततात, म्हणून मूल घाईने उतरते आणि घसरते. पायरी चपटी, चांगली रुंद आणि शिडी थोडी तिरकी हवी. ती पलंगाला पक्की बसवलेली असावी. जवळ रात्रीचा मंद दिवा हवा, कारण लघवीला उठणे कुणाला चुकलेले नाही. ओढणी, पट्टा, दोरीउडीची दोरी, दप्तराचा बंद वरच्या कठड्याला बांधू द्यायचा नाही. खेळता खेळता गळ्यात फास बसतो. मच्छरदाणीच्या लोंबत्या नाड्यांनाही हेच लागू. नव्या टॉवरांतल्या बिनगजांच्या सरकत्या खिडकीशेजारी पलंग लावणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे, कारण वरच्या गादीवरून खिडकीचा कट्टा गुडघ्याच्याही खाली येतो.

वयाचा नियम मात्र वाटाघाटीला नसावा. सहा वर्षांखालचे मूल वर झोपणार नाही. इथे नेहमी एक पेच येतो: थोरला आठ वर्षांचा, धाकटी तीन वर्षांची. झोपणार तोच वर, पण दिवसा धाकटी चढते. आणि अडकून गेलेल्या मुलांचे वय आठवा. बहुतेक सगळी तिच्याएवढीच. अशा घराला मी सरळ सांगतो, दोन-तीन वर्षे थांबा. तोवर पलंगाखालून ओढायचा दुसरा पलंग करा. रात्री बाहेर, दिवसा आत. आजीची सतरंजी चाकांवर आली समजा.

पण दोघेही सहाच्या पुढे असतील आणि खोली मापात बसत असेल, तर पलंग करावाच, आणि तो फक्त चौरस फुटांसाठी नव्हे. दोन भावंडांच्या दहा बाय दहाच्या खोलीत कुणाचेच असे काही नसते. टेबल दोघांचे, कपाट दोघांचे, आरसाही दोघांचा. वरच्या पलंगावर मुलाला सव्वासहा बाय तीन फुटांचा एक प्रांत मिळतो जिथे आई सहज डोकावू शकत नाही. खालच्याला डोक्यावर छप्पर असलेली गुहा मिळते. भांडणे होतात ती वर कोण यावरून, आणि पाळ्या लावून ती मिटतात. चादर घालताना आईची कंबर धरते हे खरे. ते काम वर झोपणाऱ्यानेच करायचे, हे पहिल्या दिवशी ठरवून टाकावे.

शेवटचा आक्षेप हिशेबी लोकांचा: मुले मोठी झाली की या धुडाचे काय करायचे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर करवून घेतानाच द्यावे लागते. फेविकॉल आणि खिळ्यांनी जोडलेला पलंग एकदा उघडला की परत उभा राहत नाही. बोल्टवरचा पलंग मधोमध सुटून दोन वेगळे पलंग होतील असा करता येतो. वरच्या मजल्याचे चारही पाय खालच्यांवर जाड लोखंडी पिनांनी बसवले की झाले. सुतार म्हणेल, यात एक दिवस जास्त जाईल. जाऊ द्यावा. आणि तो माप घ्यायला येईल तेव्हा त्याच्या हातात साडेतीन इंच रुंदीचा एक ठोकळा द्यावा, पलंग उभा राहिल्यावर तो प्रत्येक फटीला त्याच्यादेखत लावून पाहावा, आणि शेवटचे बिल त्यानंतर चुकते करावे.